तुम्हांला काहीच झालं नव्हतं, ते वर्ष

लोक येतात, दाराशी टेकतात आणि विचारतात, "काय झालं होतं त्यांना?" मी सांगते, छाती. सगळा जन्म कापूस पिंजला, त्यातला थोडा थोडा आत जाऊन बसला आणि शेवटी श्वासाला जागा उरली नाही. लोक मान हलवतात, अल्लाची मर्जी म्हणतात, उठून जातात. दुसरे येतात, तेही तेच विचारतात. दिवसभर मी तुमचं आजारपण सांगत असते.

एकटी उरले की मात्र मला ते आजारपण आठवत नाही. आठवतं ते मानमोडीच्या तापाच्या साथीचं वर्ष. घराघरांत माणसं अंथरुणाला खिळली होती आणि तुम्हांला काहीच झालं नव्हतं.

इद्दतीत बसले आहे, विधवेनं चार महिने दहा दिवस घरातच राहायचं, त्यामुळे दवाखान्यात जाणं बंद. सुईणपणाची पिशवी खुंटीला लटकते आहे. हाताला काम नाही म्हणून लिहायला बसले, आणि लिहायचं म्हटलं की मला शाळेत शिकवलेली मराठीच येते. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "आली सरकारी बोली!" आपल्या घरात अर्धी हिंदुस्थानी, अर्धी अहिराणी. मी रागावले की तेवढी माझ्या तोंडून मराठी निघायची आणि तुम्ही हात जोडायचात, "मामलेदारीणबाई, माफ करा." आज रागानं लिहीत नाही. थोडा राग आहे, पण तो जुना आहे.

गुसल, तुमची शेवटची आंघोळ, झाल्यावर मला तुमचा चेहरा दाखवला. भुवया पांढऱ्याशुभ्र होत्या. लग्न झालं त्या थंडीत तुम्ही कामावरून यायचात ते भुवयांवर, पापण्यांवर, मिशीवर कापूस घेऊनच. मी हसले की म्हणायचात, "नीट बघून ठेव. म्हातारपणी मी असाच दिसणार." तसेच दिसत होतात. एवढं खरं बोलायची काय गरज होती?

त्या वर्षी पाऊस धड पडला नाही. पावसाळ्यात पिंजाऱ्याला काम नसतं म्हणून तुम्ही सुरतेला गेला होतात, गाद्या भरायच्या कामाला. तिथे तेव्हा सगळ्या शहराला ताप येत होता, तुम्हांलाही आला. परत आल्यावर तुम्ही तो किस्सा हसत हसत सांगितलात. अंग मोडून आलं, दोन दिवस पडून राहिलो, मग उठून खिचडी खाल्ली. अम्मांनी, तुमच्या आईनं, तुमच्यावरून मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या आणि तो विषय तिथंच संपला. त्या हलक्या तापाला पुढे एवढं महत्त्व येईल, हे कुणाच्या मनात आलं असतं?

थंडी पडायच्या आत लोकांना गोधड्या, रजया भरून हव्या असतात. दसरा यायच्या आधीच तुम्ही पिंजायची कमान खांद्याला लावून निघालात. दर सालचा रस्ता. वाटेतल्या गावांत काम करत तापी ओलांडायची, खापरच्या बाजारापर्यंत जायचं, तिथून डोंगरातल्या एका पाड्यावर आणि मग परत. मला सातवा महिना लागला होता. तुम्ही दारात मागं वळून म्हणालात, "पोराची दुलई मी स्वतः भरणार. तू कुणाला देऊ नको." मी म्हटलं, "पोरगी झाली तर?" तुम्ही म्हणालात, "मग कापूस दुप्पट."

तुम्ही निघालात आणि थोड्याच दिवसांत आपल्या नंदुरबारात मानमोडी आली. कुणी म्हणे आगगाडीनं आली, कुणी म्हणे लढाईवरून परतलेल्या शिपायांनी आणली. धडधाकट जवान माणूस सकाळी बोलत असायचा आणि दुसऱ्या दिवशी त्याला उचलायला शेजारी मिळत नसत. म्हातारी माणसं कितीदा तरी वाचत होती. जात होते ते तरणेताठे, आणि पोटुशा बाया तर फार. अम्मा मला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू देत नव्हत्या. मी आतून रस्त्याकडे डोळे लावून बसायची, तुमच्या कमानीच्या आवाजासाठी. तिची तात वाजली की आपल्या गल्लीतली पोरं आधी ओरडायची, म्हणून मी पोरांच्या आवाजाकडेही कान लावून असायची. पोरांचा आवाजच बंद झाला होता.

पुढचं तुम्ही मला नंतर सांगितलंत. पण ते जसं घडलं तसंच लिहिते.

खापरच्या वरच्या पाड्यावर तुम्ही पोचलात, तेव्हा वाट काट्यांच्या फांद्या टाकून बंद केलेली होती. पलीकडे तिथला म्हातारा कारभारी बसला होता. दर थंडीत तो तुमच्याकडून गोधडी भरून घ्यायचा. घरात ते लोक भिली बोलतात, पण तुमच्याशी तो अहिराणीतच बोलायचा. तुम्ही लांबूनच हाक दिलीत, "दादा, मी पिंजारी!"

"वळखस मी तुले," तो म्हणाला. "पन मझार येऊ नको."

"मी बिमार नही, दादा."

"ते दिखस. बिमार मानूस इतला डोंगर चढी येत नही. दुखणं लई येस तो धडधाकटच ऱ्हास."

त्यानं फांद्यांच्या अलीकडे एका पानावर भाकर ठेवली, तुंब्यात पाणी ठेवलं आणि मागं सरून उभा राहिला. तुम्ही जेवलात आणि परत फिरलात. मी विचारलं होतं, "तुम्हांला अपमान नाही वाटला?" तुम्ही म्हणालात, "जेवू घालून परत पाठवलं, अपमान कसला?"

पण दुखणं घेऊन येतो तो धडधाकटच असतो, हे त्याचं बोलणं डोंगर उतरताना तुमच्या डोक्यातून गेलं नाही. येताना तुम्ही किती ओसऱ्यांवर बसला होतात! कापूस पिंजताना गाणी म्हटली होतीत, पोरांना ढिगात उड्या मारू दिल्या होत्या, लोकांच्या लोट्यांतून पाणी प्यायला होतात. आता परतताना एकेक गाव लागत गेलं. जिथे जिथे तुम्ही बसला होतात, तिथे कुणी ना कुणी पडलेलं होतं. आता खरं तर जिथे बसला नव्हतात तिथेही पडलेलं होतं. हे मी तुम्हांला शंभरदा सांगितलं. तुम्ही दर वेळी म्हणायचात, "असेल. पण मी जिथे बसलो नव्हतो, तिथली माणसं मला माहीत नव्हती."

तापीच्या अलीकडचं ते गाव. शेतकऱ्याचं भरलं घर. जाताना त्यांच्या सगळ्या रजया तुम्ही भरून दिल्या होत्या, आणि घरच्या धाकट्या सुनेनं तुम्हांला ताक दिलं होतं. परत आलात तेव्हा त्या घरातून दोन मयती निघाल्या होत्या. बाकीचे ओळीनं पडले होते. उभी होती ती एकटी सून. सगळ्यांना तीच पाणी पाजत होती आणि अंगणात जमलेल्या बाया तिला बोलत होत्या.

"समदं घर पडनं, हाई एकलीच उभी शे! इन्हा पायच पांढरा शे."

तिच्या अंगाला ताप नव्हता, हाच तिचा गुन्हा. एकीनं तिच्या हातातला तांब्या हिसकावून फेकला. पडलेली माणसं पाणी मागत होती आणि बाहेरून कुणी आत जात नव्हतं, तिलाही जाऊ देत नव्हतं.

तुम्ही पुढे झालात. मला नेहमी वाटतं, तुम्ही तसेच सरळ चालत घरी आला असतात तर? तुमचा त्या बाईशी काय संबंध होता? एका ताकाचा. पण तुम्ही पुढे झालात आणि म्हणालात, "मी बी उभाच शे! इन्हा आगोदर मी ह्या घरमा बसेल व्हतू. बोलनं व्हई ते माले बोला."

मग ते तुम्हांला बोलले. बोलून भागलं नाही तेव्हा दगड उचलले. कमान खांद्यावरून ओढून घेऊन मोडली. तुमच्या अब्बांनी तुम्हांला दिलेली ती कमान. तुम्ही पळालात. गावाच्या टोकाला मागं वळून पाहिलंत, तेव्हा सगळे तुमच्याकडे बघत होते आणि ती सून तांब्या उचलून घरात शिरली होती. एवढं सांगताना तुम्ही हसायचात. कपाळावरच्या खोकेकडे बोट दाखवून म्हणायचात, "फुकट नाही गेली."

तुम्ही आलात तो दिवस मी कधी विसरणार नाही. दुपार होती. पोरं ओरडली नाहीत, तात वाजली नाही. गल्लीच्या तोंडाशी तुम्ही उभे होतात, खांदा रिकामा, कपाळाला रक्त सुकलेलं. मी तशीच धावले.

"तिथंच थांब!"

तुम्ही माझ्यावर कधी आवाज चढवला नव्हता. मी थांबले. "काय झालं? ताप आलाय?"

"काही झालं नाही."

"मग?"

"काही झालं नाही, त्याचीच भीती वाटते. बसलो तिथं माणसं पडली आणि मला साधी शिंक नाही. घरात तू आहेस. पोटात ते आहे. मी येत नाही आत."

अम्मा मागून आल्या. त्यांना वाटलं पोराच्या डोक्याला मार लागला आहे. त्या म्हणाल्या, "अरे, आजारी माणसाला घराबाहेर ठेवतात. चांगल्याला कोण ठेवतं?" तुम्ही म्हणालात, "अम्मा, आजाऱ्यापासून तर लोक आपणच लांब राहतात. माझ्यापासून कोण राहील?"

आणि तुम्ही निघून गेलात. गल्लीमागच्या ओढ्यापलीकडे ओळखीच्या एका गुजर शेतकऱ्याचं खळं होतं, त्यात एक झोपडी. तिथे जाऊन राहिलात. मी रोज भाकरी घेऊन ओढ्यापर्यंत जायची, मधल्या खडकावर ठेवून मागं यायची, मग तुम्ही उतरून घ्यायचात. पाऊस नसल्यामुळे ओढा कोरडा होता. चार ढांगांत मी पलीकडे आले असते.

किती भांडले मी तुमच्याशी त्या काठावरून! "तुम्ही धडधाकट आहात. माझी पाठ दुखते, पाय सुजलेत, चोळायला कुणी नाही. गावात खोकणारी माणसं बाजारात हिंडताहेत आणि माझा न खोकणारा नवरा रानात बसलाय!" तुम्ही ऐकून घ्यायचात. भांडून मी थकले की म्हणायचात, "जरा आडवी उभी राहा, पोट बघू दे." मी रागानं पाठ फिरवायची. मग थोड्या वेळानं आडवी उभी राहायची. लग्नाला पुरं वर्ष नव्हतं झालं हो. तुम्ही समोर होतात, दिसत होतात, बोलत होतात, आणि हात लावता येत नव्हता. आज तुम्ही कुठेच नाही, तरी त्या वेळची ओढ आजच्याहून कमी होती असं मला म्हणवत नाही.

गल्लीतले लोक हसत. कुणी म्हणे पिंजाऱ्यानं काहीतरी गुन्हा केला असणार, उगाच कोण लपून बसतं? आणि तुम्ही असे लांब बसूनही मानमोडी आपल्या घरात आलीच. कुणाच्या पायानं आली, कोण जाणे. अम्मा एका संध्याकाळी चुलीपाशीच कलंडल्या. सकाळी मी धापा टाकत काठावर आले आणि ओरडले, "आता तरी या! आता ते घरात आलंच आहे."

तुम्ही आला नाहीत. आधी दवाखान्याकडे गेलात. आवारात लांब उभं राहून डॉक्टरांना हाक मारलीत. ते डॉक्टर पुढे माझे गुरू झाले, पण तेव्हा मी त्यांना पाहिलंही नव्हतं. त्यांचे डोळे जागरणानं तांबारले होते, असं तुम्ही सांगितलं होतंत. तुम्ही सगळी हकीकत सांगितलीत. ते म्हणाले, "चांगला दिसणारा माणूसही रोग वाहून नेतो, हे कॉलऱ्यात, विषमज्वरात आम्ही पाहिलं आहे. ह्या तापाचं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. पावसाळ्यात तुला ताप येऊन गेला होता का?"

"सुरतेत. हलकाच."

"तेव्हा ज्यांना येऊन गेला, ते आता फारसे आजारी पडताना दिसत नाहीत. मग आईजवळ बसायला तूच बरा. बायकोला मात्र त्या घरातून काढ."

आणि आपली अदलाबदल झाली. तुम्ही ओढ्याच्या वरच्या अंगानं घराकडे गेलात, मी खालच्या अंगानं झोपडीकडे आले. मधे एकदा दोघं थांबलो. तुम्ही हात वर केलात. मला तो हात अजून दिसतो.

आता भाकरी तुम्ही आणायचात आणि खडकावर ठेवून मागं सरायचात. भाकरी करपलेली असायची. झोपडीत तुमचा वास होता, कोपऱ्यात तुम्ही गवताची उशी केली होती, तिच्यावर मी डोकं ठेवायची. एके दुपारी तुम्ही रिकाम्या हातानं आलात आणि काठावर खाली बसलात. मी ओळखलं. अम्मा गेल्या. तुमचे खांदे हलत होते. मी उठले, ओढ्यात एक पाय टाकला, तेव्हा तुम्ही मान न उचलताच हात आडवा केलात. नवरा आईसाठी रडतो आहे आणि बायकोनं समोर बसून ते बघायचं! अम्मांचं तोंड मला शेवटचं बघता आलं नाही. त्यांच्या डोक्याला तेल लावायला मी हवी होते. माझा जुना राग तो हाच. तुम्हांला तो ठाऊक होता आणि तुम्ही कधी मला त्याबद्दल समजावायला आला नाहीत. त्याबद्दल मी तुमची ऋणी आहे.

अम्मांना माती दिल्यावर तुम्ही गल्लीतल्या प्रत्येक घरात शिरलात. जे हसत होते त्यांच्याही. पाणी पाजलंत, अंगं पुसलीत, कबरी खणायला गेलात. तरीही तुम्हांला काही झालं नाही. हलिमा झोपडीतच जन्मली, एक म्हातारी दाई तेवढी जवळ होती. हलिमाचं रडणं ऐकून तुम्ही पलीकडच्या काठावरून ओरडलात, "कापूस दुप्पट!" मला हसू आलं, आणि हसताना टाके तुटल्यासारखं दुखलं.

साथ ओसरली. मी घरी आले. गावोगावची किती घरं कायमची मिटली, आणि आपण तिघं जिवंत. तुम्ही नवी कमान केलीत. पुढच्या वर्षीपासून त्या वाटेनं गेलात, पण त्या एका गावात पाऊल टाकलं नाहीत. गाडीवान भेटला की त्या सुनेची चौकशी करायचात. बऱ्याच वर्षांनी एकानं सांगितलं, ती माहेरी निघून गेली, जिवंत आहे. त्या दिवशी तुम्ही घरी जिलबी आणली होतीत. का, ते मला सांगितलं नाहीत. मी गाडीवानाकडूनच ऐकलं.

हलिमा चालायला लागल्यावर डॉक्टरांनी मला दवाखान्यात सुईणीचं काम शिकायला बोलावलं. चार यत्ता शिकलेली बाई त्यांना दुसरी मिळत नव्हती. एकदा मी त्यांना विचारलं, साथ एवढी मोठी असून काही माणसं उभीच कशी राहतात? ते म्हणाले, कारणं एक नाही. कुणाला आधी हलका ताप येऊन गेलेला असतो, मग अंग त्या रोगाला ओळखतं. कुणाला वय वाचवतं. कुणाच्या अंगात जन्माचंच काही असतं, ते आम्हांला अजून कळत नाही. आणि काहींच्या बाबतीत रोग घशात किंवा पोटात येऊन बसतो, त्यांना मात्र पत्ता नसतो. "साथीत आम्ही अंथरुणं मोजतो," ते म्हणाले, "पाय मोजत नाही. म्हणून ती आमच्या पुढे धावते."

मी विचारलं, "म्हणजे आमच्या ह्यांनी ती नेली?"

"ते आता कुणीही सांगू शकणार नाही, बाई. कदाचित नेली असेल. कदाचित तो नुसता वाटेत होता."

घरी येऊन मी हे तुम्हांला सांगितलं. तुम्ही रजई भरत होतात. बराच वेळ तात वाजत राहिली. मग थांबवून म्हणालात, "म्हणजे नेली नाही, असंही नाही." आणि पुन्हा पिंजायला लागलात. मी त्या दिवशी तुमच्याजवळ बसायला हवं होतं, असं आज वाटतं. पण चुलीवर डाळ होती, हलिमा रडत होती. आपला संसार असाच झाला, मोठं बोलणं निघालं की डाळ उतू जायची.

त्यानंतर गावोगावी जाऊन मी हेच सांगत आले. घरात कॉलरा असेल तर घरातल्या चांगल्या माणसानंही दुसऱ्याच्या पाण्यात हात घालू नये, घटसर्पाच्या पोराचं भावंड दिसायला चांगलं असलं तरी शाळेत पाठवू नये. लोक म्हणत, त्याला काय झालंय? मग मी तुमची गोष्ट सांगायची. एकदा खापरच्या बाजारात मी ती सांगत होते आणि तुम्ही गर्दीच्या मागं येऊन उभे होतात. मला दिसला नाहीत. परतीच्या बैलगाडीत तुमचा चेहरा मी पहिल्यांदा इतका दुखावलेला पाहिला.

"माझी गोष्ट सांगू नको."

"का? त्यात तुमचा मानच आहे."

"माझ्या मानाचं नाही. तू निघालीस आणि तुझ्यामागं दोन बाया एकमेकींशी बोलत होत्या. त्यांच्या शेजारची एक बाई आजारी पडत नाही म्हणे. नाव घेत होत्या तिचं. मी ऐकलं."

तुम्ही पुढे म्हणालात, "हे माणसानं स्वतःबद्दल म्हणावं. मी चांगला दिसतो, पण माझ्यात असेल, मी लांब बसतो. दुसऱ्यानं म्हटलं की त्याचा दगड होतो."

"आणि जो स्वतः म्हणत नाही त्याचं काय? त्याला ठाऊकच नसतं. तो म्हणेपर्यंत पोरं मरू द्यायची?"

"ते मला माहीत नाही."

"मला रोज ठरवावं लागतं. तुम्हांला एकदाच ठरवावं लागलं."

गाडीवान बैलांना हाकत होता, आपलं बोलणं तो ऐकतो आहे हे दोघांनाही कळलं आणि आपण थांबलो. त्यानंतर आपण कितीदा तरी ते भांडण पुन्हा काढलं. कधी जेवताना, कधी कुणाचं लग्न उरकून येताना. तुम्ही कधी हरला नाहीत, मीही नाही. तुमची गोष्ट सांगणं मी बंद केलं नाही; तुमचा धंदा तेवढा सांगत नव्हते. पिंजारी म्हणायच्या ऐवजी 'एक माणूस' म्हणायची. ते तुम्हांला कळलं होतं, आणि बाजारात मी बोलायला उभी राहिले की तुम्ही चहा प्यायला निघून जायचात.

शेवटच्या महिन्यांत तुम्हांला चार शब्दांपुढे दम पुरत नव्हता. ही दुसरी मोठी लढाई चालू होती, औषधं मिळत नव्हती. मी उशाशी बसून कितीदा विचार केला, आता ते भांडण मिटवून टाकावं, तुमचंच खरं म्हणावं. मग वाटायचं, असं म्हटलं तर तुम्ही ओळखाल की मी आशा सोडली. म्हणून मी डाळीचा भाव सांगत राहिले.

परवा जियारत, तुमच्या तिसऱ्या दिवसाचा फातिहा, झाली. हलिमा नवापूरहून त्याच सकाळच्या गाडीनं पोचली, तुम्हांला माती देताना तिला येता आलं नव्हतं. तिच्या मोहल्ल्यात कॉलरा आहे, लागून असलेल्या घरातली मुलं गेली, हे मला आधीच कळलं होतं. ती, जावई, पोरं, सगळी चांगली आहेत. ती माझ्या गळ्यात पडून रडली. मग पदरानं डोळे पुसले आणि माहेरवाशिणीला शोभेल तशी उठली. घर बायकांनी भरलेलं, ऊन फार. तिनं पेले घेतले आणि पाण्याच्या मटक्याकडे गेली.

तिनं स्वतःबद्दल काही म्हटलं नव्हतं. तिला सुचलंही नव्हतं. बाप गेला होता तिचा.

मी म्हटलं, "हलिमा, मटक्यात हात घालू नको."

ती वळली. "का, अम्मी?"

"तुझ्या मोहल्ल्यात कॉलरा आहे."

"मला काही झालेलं नाही!"

"माहीत आहे मला."

भिंतीजवळच्या दोन बायांनी पदर आवरून घेतले आणि थोडं बाजूला सरकल्या. फार नाही, वीतभर. हलिमानं ते पाहिलं. तिनं हातातले पेले खाली ठेवले. तुम्ही ज्याला दगड म्हणत होतात तो माझ्याच तोंडून सुटला होता, माझ्याच पोरीवर, तुमच्या जियारतीच्या दिवशी.

मी उठले. बादलीतलं पाणी घेऊन तिच्या हातांवर घातलं, साबण लावून तिचे हात माझ्या हातांनी धुतले, मग माझे धुतले. पाणी वाटायचं काम शेजारच्या पोरीला दिलं. आणि हलिमाला घेऊन त्या सरकलेल्या बायांनी रिकामी केलेल्या जागेत बसले, मांडीला मांडी लावून. ती हुंदके देत होती. मी तिला धरून होते. थोड्या वेळानं त्यांतली एक म्हातारी तिच्या पाठीवर हात फिरवायला लागली.

मला वाटलं, म्हणावं पण लागतं, आणि म्हटल्यावर शेजारी बसावंही लागतं. असं चालेल का हो? तुम्ही काय म्हणाला असतात, ते मला काही केल्या ऐकू येईना. म्हणून मी विचारायला मान वळवली, तुमची खाट असते त्या भिंतीकडे. खाट तिथे नव्हती. कुणीतरी ती धुऊन उन्हात उभी करून ठेवली होती.